आक्का, शिवा पैलवानाच्या लखोट्याबद्दल सांगायचं राहिलं

समस्त करवीरवासी डॉक्टर, परिचारिका, कंपाउंडर, तसेच वर्गाला दांडी मारून रंकाळ्यावर हवा खाताना सापडलेले सर्व सज्जन यांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, आज, शनिवारी, दुपारी ठीक तीन वाजता, वर्ग सुरू झाल्यापासून प्रथमच, आमच्या बाई गैरहजर राहिल्या. रजेचा अर्ज आलेला नाही. कारण कळविलेले नाही. सबब, हजेरीपटात त्यांच्या नावापुढे काय लिहावे याबाबत वर्गाचे एकमत होऊ शकलेले नाही.

आक्का, एवढं मी फळ्यावर लिहिलं आणि खडू खाली ठेवला. तुम्ही असता तर म्हणाला असता, "जनूभाऊ, नाटक पुरे, बसा." कुणीच म्हणालं नाही. म्हणून मी उभाच राहिलो. माझ्यासारख्या माणसाला कुणी बसा म्हणालं नाही की फार पंचाईत होते.

बुधवारी सकाळी राउंड संपवून तुम्ही खुर्चीत टेकलात आणि चहा मागवलात. चहा आला तेव्हा खुर्चीत तुम्ही होता, आणि नव्हता. सुंदराबाईंनी तो कप अजून धुतलेला नाही. मुरगूडची ही बाई वीस वर्षं वॉर्डाची मुख्य नर्स आहे, न धुतलेलं भांडं घटकाभर ठेवलं तर सगळा वॉर्ड डोक्यावर घेते. आणि तो कप तसाच कपाटात. मी कपाटाकडे बघितलं. त्यांनी सांगितलं, "डाक्टर, बोलायचं न्हाय."

तर मीही इकडचंतिकडचं न बोलता जे बोलायचं ते बोलतो. पण माझी सवय तुम्हाला ठाऊक आहे. दारातून आत यायला मला अंगणभर फिरून यावं लागतं.

विलायतेहून तुम्ही परत आलात ते स्वातंत्र्यानंतर दोनेक वर्षांनी. गावाला वाटलं, बाई एखादं नवं ऑपरेशन शिकून आल्या असतील, निदान एखादं चकाकणारं यंत्र तरी आणलं असेल. तुम्ही आणलात एक प्रश्न. "कशावरून?" वर्षभर तिकडच्या थंडीत कुडकुडून, उकडलेले बटाटे खाऊन तुम्ही एवढंच शिकून आला होता की, रोग्याला दिलेला उपाय खरोखर लागू पडला की नाही हे ठरवायचं कसं. आणि ते तुम्हाला आम्हाला शिकवायचं होतं. आम्हाला म्हणजे पोरांना नव्हे. पदव्या घेतलेल्या, पाट्या लावलेल्या, पोटं सुटलेल्या डॉक्टरांना. पंधरा-पंधरा वर्षं वॉर्डात उभं राहून पाय सुजलेल्या नर्सांना. मी एल.सी.पी.एस., सकाळी इस्पितळात, संध्याकाळी शुक्रवार पेठेत स्वतःचा दवाखाना. माझं शिक्षण संपलं असल्याचा शिक्क्याचा कागद माझ्याकडे होता. तरी बाकावर बसलो, कारण तुम्ही चहा द्याल असं ऐकलं होतं.

चहा नव्हता. गूळ होता. पहिल्याच शनिवारी तुम्ही दोन ताटल्यांत गुळाचे खडे ठेवलेत आणि विचारलंत, बावड्याचा गूळ कोण ओळखेल? मी उठलो. डोळे मिटून ओळखीन म्हणालो. तुम्ही खरंच बँडेजची पट्टी काढलीत आणि माझे डोळे बांधलेत. मी पहिला खडा जिभेवर ठेवला, मान डोलावली, नाक फुगवलं. "हा! याला पंचगंगेचं पाणी लागलंय." दुसरा चाखून थुंकायचाच बाकी राहिलो. "हा परका. याला उसाचा नुसता वास दाखवलाय." वर्गाने टाळ्या वाजवल्या. मग तुम्ही पट्टी सोडलीत आणि सांगितलंत की दोन्ही ताटल्यांत एकाच ढेपेचा गूळ आहे.

किती हसले सगळे! सुंदराबाई तर पदर तोंडात कोंबून भिंतीकडे वळल्या. तुम्ही मात्र हसला नाहीत. "जनूभाऊ, तुमची जीभ खोटं बोलत नाही हं," म्हणालात. "ती आधीच ठरवून बसते, आणि मग चव घेते. आपण सगळे रोग्यांना तसेच बघतो."

हे वाक्य मी पुढे शंभर जणांना ऐकवलं. स्वतः मात्र ऐकलं नाही. ते कसं, तेच सांगायचंय.

तेव्हा टायफॉइडवरच्या नव्या औषधाची चर्चा वर्तमानपत्रात होती, आमच्या कपाटात नव्हती. आमच्याकडे होतं लंघन. मोठ्या डॉक्टरसाहेबांचा हुकूम होता: ताप आहे तोवर ताकाची निवळ, मोसंबीचा रस, उकळलेलं पाणी. आतडी आतून सोललेली असतात, अन्नाने फुटतील. तुम्ही म्हणालात, तिकडे काहीजण मऊ भात देतात, दूध देतात, उपाशी ठेवल्यानेच माणूस खचतो असं म्हणतात. साहेब गरजले, "मी तीस वर्षं बघतोय!" तुम्ही विचारलंत, "कशावरून?" आणि मग तुम्ही जे केलंत त्याने मी तुमचा झालो. तुम्ही म्हणालात, "साहेबांचंही खरं मानू नका, माझंही मानू नका. तपासू या."

लखोटे आले. प्रत्येकात एक चिठ्ठी. 'भात' किंवा 'निवळ'. कोणत्या लखोट्यात काय, हे तुम्ही घरी आकड्यांचा तक्ता बघून ठरवलेलं, लाखेने बंद केलेलं. रोगी दाखल झाला की पुढचा लखोटा फोडायचा, निघेल ते करायचं. कुणाची दया नाही, कुणाची आवड नाही. पहिल्याच आठवड्यात मी एक लखोटा खिडकीत उन्हापुढे धरून बघताना सापडलो. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक लखोट्यात काळा कागद. "हा कागद कशाला?" नव्या नर्सने विचारलं. तुम्ही म्हणालात, "जनूभाऊंच्या दयाळूपणाचं ऊन आत येऊ नये म्हणून."

आणि लखोटा फोडण्याआधी तुम्ही रोग्याच्या माणसांना समोर बसवून सांगायचा, "यातलं कोणतं बरं ते आम्हाला ठाऊक नाही. म्हणून चिठ्ठी." मी शरमेने जमिनीकडे बघायचो. डॉक्टरने 'ठाऊक नाही' म्हणायचं? माझा निम्मा धंदा तर 'ठाऊक आहे' या चेहऱ्यावर चालायचा. पण लोकांनी ते भलतंच छान घेतलं. आपल्याकडे देवाला कौल लावतात, फूल डावीकडून पडतं की उजवीकडून ते बघतात. त्यांना वाटलं, हा तसाच कौल. लखोट्याला हात जोडायचे. तुम्ही चिडून म्हणायचा, "अहो, हा कौल नाही, देवाला यात ओढू नका." ते म्हणायचे, "व्हय व्हय," आणि पुन्हा हात जोडायचे.

शिवाच्या आबांनीही जोडले.

शिवा बावड्याचा. पैलवान. बापाचं, म्हणजे आबांचं, गुऱ्हाळ. तुमचा तो पहिल्या दिवसाचा गूळ त्यांच्याकडचाच होता. विशीबाविशीचा गडी, खाटेवर मावत नव्हता, पाय बाहेर. एरवी रोज शेरांनी दूध पिणारा आणि मूठभर बदाम खाणारा. लखोट्यातून निघाली 'निवळ'.

आबांनी चिठ्ठी उलटीसुलटी करून बघितली. मग म्हणाले, "ठावं न्हाय म्हणणारी डाक्टरीण पयल्यांदाच बघितली. म्हंजी खोटं न्हाय बोलणार. कौल मोडायचा न्हाय." आणि वॉर्डाच्या दाराशी घोंगडं टाकून बसले ते पहारेकऱ्यासारखे.

आक्का, तुम्ही कधी उपाशी पैलवान बघितलाय? बघितलात, पण माझ्याइतका नाही. कारण तो तुमच्यापुढे शहाण्यासारखा वागायचा. माझ्यापुढे रडायचा. एवढं मोठं धूड, तोंडावर पालथा पंजा ठेवून रडायचं. "डाक्टर, सपनातबी भात येतुया. उठून बसतोय नि हात धुतोय." दहाव्या दिवशी त्याच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या. शेजारच्या खाटेवर 'भात' निघालेला एक कारकून होता, तो चमच्याने मऊ भात खायचा आणि शिवा त्याच्या चमच्याबरोबर मान हलवायचा. वर. खाली. वर. खाली.

मी घरून डबा आणला. मऊ भात, वर तुपाचा थेंब. बायकोने विचारलं, कुणासाठी? म्हटलं, एका गरीब रोग्यासाठी. आबा दुपारी नळावर धोतर धुवायला जायचे, तेवढ्या वेळात ड्रेसिंगच्या खोलीत पडदा ओढून शिवा जेवायचा. पहिल्या घासाला त्याने माझा हात धरला आणि सोडेचना. "डाक्टर, शपथ घ्या. आक्कास्नी सांगायचं न्हाय. आबाला तर न्हायच न्हाय. त्यो चिठ्ठीला कौल मानतोय. माझ्या तोंडात शीत दिसलं तर नरडं धरंल माझं." मी शपथ घेतली. मला ते आवडलंही, आक्का. खोटं कशाला सांगू? पडदा, कुजबुज, चोरपावलं. गणपतीच्या मेळ्यात काम करायचो तेव्हापासून मला पडद्यामागचं आवडतं.

आणि शिवा सुधारू लागला! ताप उतरणीला लागला. डोळ्यांत तेज आलं. मी मिशीला पीळ दिला. आकड्यांचा तक्ता आणि लाख आणि काळा कागद एकीकडे, आणि जनार्दनाचं मन एकीकडे. मी बरोबर होतो. डोळ्यांना दिसत होतं.

एके सकाळी सुंदराबाई चिमटीत काहीतरी धरून माझ्यापुढे आल्या. "डाक्टर, ह्ये काय?"

"शीत," मी म्हणालो.

"त्ये मलाबी दिसतंय की. शिवाच्या चादरीवर हुतं. नि उशीला तांबूस चिकट डाग कसला?"

"मोसंबीचा रस वाळला असेल."

"रस?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. "बरं. रस." आणि शीत खिडकीबाहेर टाकलं. त्या माझ्यावर माया करायच्या, म्हणून त्यांनी तुम्हाला सांगितलं नाही. त्यांच्याही नावावर हे थोडं आहे. पण त्यांचं त्या बघतील.

तिसऱ्या आठवड्यात, रविवारी सकाळी, शिवाने पोट धरलं. तुम्ही धावत आलात, पोटावर हात ठेवलात, आणि तुमचा चेहरा मी बघितला. पोट फळीसारखं झालेलं. आतडं फुटलं होतं. पोट उघडलं, शिवलं, सगळं केलं. सोमवारी दुपारी तो गेला. शुद्धीवर असताना एकदा त्याने मला डोळ्यांनी खूण केली, ओठांवर बोट ठेवून. शपथ पाळा म्हणून. तो हसत होता, आक्का.

संध्याकाळी तुम्ही नोंदवही उघडलीत. मी शेजारी उभा. 'निवळ' या रकान्यात तुम्ही त्याचं नाव लिहिलंत आणि पुढे 'मृत्यू'. तुमचं अक्षर नेहमीसारखं सरळ होतं. माझ्या घशापर्यंत आलं होतं. अगदी दातांपर्यंत. तुम्ही टीपकागद दाबलात आणि म्हणालात, "उपाशी माणसाचं आतडं का फुटलं असेल हो?" मी म्हणालो, "दैव." मी! दैव! तुमच्या वर्गात तो शब्द उच्चारायलाही बंदी होती.

पुढच्या शनिवारी तुम्ही वर्गापुढे विचारलंत, "शिवाबद्दल कुणाला काही सांगायचंय?" मी वहीत रेघोट्या मारत राहिलो. मग तुम्ही एक नियम शिकवलात: लखोट्याने ज्याला जिथे घातलं, तिथेच तो मोजायचा. मध्येच पळून गेला, ऐकलं नाही, दुसरंच काही खाल्लं, तरी तिथेच. मी भांडायला उठलो. आठवतंय? किती भांडलो! "ज्याने निवळ प्यायलीच नाही त्याला निवळीत कसं मोजायचं? हा कुठला न्याय?" तुम्ही म्हणालात, "ज्याने नियम मोडला त्याच्या मोडण्यालाही कारण असतं, जनूभाऊ. आपण सोयीने वेचायला लागलो की पुन्हा गुळाच्या ताटल्या. पण नियम मोडला हे लिहून मात्र ठेवायचं. लिहिलं नाही तर मोजणं फुकट." ते भांडण आपण सहा वर्षं भांडलो. दर पावसाळ्यात टायफॉइडचे रोगी यायचे आणि मी पुन्हा उकरून काढायचो. तुम्हाला वाटायचं मला मोजणी समजत नाही. मला मोजणी समजत होती. मला तुम्ही विचारायला हवं होतं, की जनूभाऊ, तुम्ही एवढे का ओरडता.

की विचारलंत?

सगळे लखोटे संपले तेव्हा भात जिंकला. थोडक्यात, पण जिंकला. तुम्ही निबंध घेऊन पुण्याच्या डॉक्टरांपुढे गेलात, मला बरोबर नेलंत. मागून एक खवचट गृहस्थ उठले. "बाई, तुमच्या इस्पितळात कोण काय खातं याची तुम्हाला खात्री आहे?" तुम्ही चष्मा काढलात. "माझ्या माणसांवर माझा विश्वास आहे." सभेने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, आक्का. सगळ्यांत जोरात. हात थांबवले असते तर लोकांनी वळून बघितलं असतं.

मग वर्गाची सहल पन्हाळ्याला गेली. बाकीचे पुढे गेले होते. तटावर वारा इतका की तुमच्या पदराचा आवाज येत होता. तुम्ही खाली दरीकडे बघत म्हणालात, "जनूभाऊ, तुम्हाला मला काही सांगायचंय का?" एवढंच. शिवाचं नाव नाही. मी सांगितली ती गोष्ट, मेळ्यात माझी खोटी मिशी दुसऱ्याच्या फेट्याला चिकटली ती. तुम्ही हसलात. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलात, चष्मा पुसलात, पुन्हा घातलात. आणि म्हणालात, "बरं."

त्या 'बरं'ला मी आजवर कान लावून बसलोय. तुम्हाला ठाऊक होतं का? तुम्ही दार उघडून उभ्या होता आणि मी तुम्हाला मिशी दाखवली का? की तुम्हाला त्या वाऱ्यात काहीच विचारायचं नव्हतं, नुसतं बोलायचं होतं? तुम्ही शिकवलेल्या कोणत्याच रीतीने हे आता तपासता येत नाही.

आज आपल्या वॉर्डात टायफॉइडच्या रोग्याला मऊ भात मिळतो. माणसं लवकर उठून बसतात, चालत घरी जातात. मी माझ्या दवाखान्यातही देतो आणि तुमचं नाव घेतो. भात चांगला असेल. नंतर इतरांनीही तेच म्हटलं, असं तुम्हीच वाचून दाखवलं होतंत. पण आपल्या वहीतलं ते एक नाव भाताच्या बाजूने मोजलं गेलं, आणि तो तर भात खाऊन गेला. नवा तापाचा रोगी आला, की पहिला घास त्याच्या तोंडात जाताना मी दुसरीकडे बघतो.

आणि तरीही तुम्हीच मला वाचवलंत, हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. तुम्ही आला नसता तर मी आयुष्यभर 'मला ठाऊक आहे' असा चेहरा घेऊन हिंडलो असतो. आता निम्म्या रोग्यांना सांगतो, "बघू या, मला नक्की ठाऊक नाही." धंदा बसला नाही. उलट लोक जास्त वेळ बसतात. तुम्ही चाळिशीच्या विदूषकाला विद्यार्थी केलंत. विद्यार्थी वाईट निघाला, त्याला तुमचा इलाज नव्हता.

आबा दर वर्षी गुऱ्हाळ सुरू झालं की पहिली ढेप घेऊन तुमच्याकडे यायचे. वॉर्डात कधी पाऊल टाकलं नाही. पायरीवर बसायचे आणि तुम्ही त्यांच्या शेजारी, तशाच पायरीवर. काय बोलायचा कुणास ठाऊक. ते आले की मी मागच्या दाराने निघून जायचो.

गेल्या शनिवारी मागच्या दारापाशी गर्दी होती.

वर्गाची खोली भरली होती. फळ्यावरचं माझं जाहीर पत्रक वाचून दोघंतिघं हसले, मग रडले. कुणीतरी म्हणालं, जनूभाऊ, तुम्ही बोला, तुम्ही त्यांना हसवायचात. मी गुळाच्या ताटल्यांची गोष्ट सांगितली, नाक फुगवून, मान डोलावून. सगळे हसले. आणि हसणाऱ्यांत दाराशी, पटका हातात घेऊन उभे, आबा हसत होते. स्वतःच्या गुळाची गोष्ट ऐकून. त्यांचे दात पडलेत. थकलेत.

मला पुढे मिशीची गोष्ट सांगायची होती. तोंड उघडलं आणि निराळंच बाहेर आलं.

म्हणालो, आक्कांच्या वहीत एक नोंद अपुरी आहे. शिवा पैलवानाच्या लखोट्यात निवळ निघाली होती, पण त्याला भात मिळत होता. दहाव्या दिवसापासून, रोज. मी देत होतो. आबा नळावर गेले की, पडद्याआड. आक्कांना मी सांगितलं नाही. सहा वर्षं सांगितलं नाही. त्यांनी विचारलं तरी सांगितलं नाही. शिवाचं आतडं माझ्या भाताने फुटलं असेल. नसेलही. पण मी लिहू दिलं नाही.

सुंदराबाई खाली बघत होत्या. आबा गर्दीतून पुढे आले. लोकांनी वाट दिली. मला वाटलं, आता हात उचलतील, आणि मला खरोखर तेच हवं होतं. मी चष्मा काढून ठेवला.

ते अगदी समोर येऊन उभे राहिले. पटका दोन्ही हातांनी पिळत होते. माझ्याकडे बघत राहिले, मग माझ्या पलीकडे भिंतीकडे, जणू तिथे ड्रेसिंगच्या खोलीचा पडदा होता आणि त्यामागे कुणीतरी तोंड पुसत बसलं होतं. आणि मग, एवढ्या मोठ्याने की बाहेर व्हरांड्यातले रोगी उठून बसले, आबा म्हणाले:

"आँ? म्हंजी पोरगं माझा गूळ खाऊन वर तुमचंबी खात हुतं व्हय?"